कुडाळची दुसऱ्या शनिवारची बैठक: तीनदा जाऊन आले, मग लिहितेय

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात मी आमसुलं, कोकम आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि मालवणी मसाला करते. अकरा वर्षं झाली. आधी सासूबाईंच्या हाताखाली, आणि त्या थकल्यापासून मी, माझी जाऊ आणि वाडीतल्या तिघी. कुडाळला दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकांची एक बैठक भरते. फोनवरून माल कसा दाखवायचा, गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं हे तिथे शिकवतात आणि आपापसांत ओळखी करून देतात. जून, जुलै, ऑगस्ट अशी तीनदा मी जाऊन आले. ओळखीच्या बऱ्याच जणी विचारतात, जाण्यासारखं आहे का? आहे. नक्की जा. पण तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही ते नीट सांगते.

त्याआधी एप्रिलमधला एक अनुभव सांगायलाच हवा, कारण त्या एका दिवसामुळे मी कुडाळला जाणारच नव्हते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाहेरून आलेल्या एका संस्थेने एका हॉटेलात दिवसभराचा कार्यक्रम ठेवला होता. सोशल मीडिया, मार्केटिंग आणि नेटवर्किंग, फी १,५०० रुपये. एप्रिलचा शेवटचा आठवडा म्हणजे कोकणात माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. बागायतदार पहाटेपासून काढणीला, दुपारी पेट्या भरायला, रात्री गाडीत माल चढवायला. आमच्याकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागलेले असतात. साल रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, अशी पुटं द्यायची, आणि हे सगळं वळवाचा पाऊस यायच्या आत. त्या दिवसांत एक कडक ऊन वाया गेलं तर ते परत मिळत नाही. ते ऊन सोडून मी गेले.

अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. पडद्यावर सगळं इंग्रजीत. माझ्या शेजारी काजूवाल्या एक बाई बसल्या होत्या. त्या पडद्यावरचे शब्द मराठी अक्षरांत वहीत उतरवून घेत होत्या, घरी जाऊन मुलीला अर्थ विचारता येईल म्हणून. तीन तास त्यांनी ते लिहिलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. व्याख्यात्यांनी रोज तीन रील टाकायला सांगितल्या. ओळखीपाळखीसाठी वीस मिनिटं होती, तीही जेवणाच्या रांगेत. भर कोकणात, रातांब्याच्या दिवसांत, प्यायला कंपनीचं बाटलीतलं थंड पेय. शेवटी वर्षभराचं पॅकेज घ्या म्हणून एकेकाला बाजूला नेऊन आग्रह. आमच्या ओळखीच्या एका होमस्टेवाल्यांनी घेतलं. त्यांच्या पानावर महिन्याला चार शुभेच्छापत्रं पडतात, तीही दुसऱ्याच कुठल्यातरी समुद्राच्या फोटोवर.

पण मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. लेबलवर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं चिन्ह, छापा, माल खपतो, असं तिथे सरळ सांगितलं गेलं. हे चूक आहे आणि ते स्पष्ट लिहायला हवं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला २०१८ साली. पण मानांकन मालाला मिळालं म्हणून ते चिन्ह कुणीही उचलून छापायचं नसतं. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतःची नोंदणी करावी लागते. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने पेटीत भरून विकला की आपल्या जिवाची तगमग होते. मग आपणच नोंदणीशिवाय चिन्ह छापायचं कुठल्या तोंडाने?

तर असं पोळून आलेली मी. जूनमध्ये जावेने कुडाळच्या बैठकीचं सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. तिने माझे तीनशे रुपये भरूनच टाकले.

सभागृह साधं आहे, पहिल्या मजल्यावर, स्टेशनच्या रस्त्याला. वेंगुर्ल्याहून एसटीने तासाभरात पोचता येतं. तीस-पस्तीस माणसं, सहा मोठी टेबलं. व्यासपीठ नाही. प्रत्येकाने आपला माल टेबलावर मांडायचा आणि उघडायचा, म्हणजे लोक चव बघतात, हातात घेतात. पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर देवगडचे एक बागायतदार, मालवणला दोन खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या एक वहिनी, सावंतवाडीच्या चितारआळीतला लाकडी खेळणी करणारा तरुण आणि रिक्षा चालवून पर्यटकांना गावं दाखवणारे एक गृहस्थ होते. या बैठकीला पावसाळ्याचे दिवसही बरोबर बसतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद, पर्यटक तुरळक, आंबा संपलेला. म्हणजे माणसं घरी असतात आणि डोकंही जागेवर असतं.

सकाळी प्रत्येकाने दोनच वाक्यं बोलायची. माझ्याकडे काय आहे, आणि मला काय अडलंय. ही दुसरी ओळ मला फार मोलाची वाटली. एरवी ओळखी करून देताना आपण फक्त आपल्या मालाचं कौतुक सांगतो, समोरचा मान हलवतो आणि संपतं. अडचण बोललीत की समोरचा काहीतरी सुचवतो. मी म्हटलं, माझ्या आगळाच्या काचेच्या बाटल्या कुरिअरमध्ये फुटतात. दहातली एखादी फुटतेच, आणि आगळ सांडलं की शेजारच्या पार्सलांनाही रंग लागतो.

त्यावर देवगडचे बागायतदार लगेच उठून आले. त्यांनी माझा खोका बघितला आणि तो दुकानातून आणलेला जुना पातळ खोका आहे हे एका नजरेत ओळखलं. आंब्याला ते पुठ्ठ्याचे जाड थरांचे खोके वापरतात. मी विचारलं, पण छापखाना पाचशेच्या खाली घेत नाही, मला लागतात शंभर. तेव्हा त्या काजूवाल्या बाई, हो त्याच एप्रिलमधल्या, पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या की त्यांनाही दोनशे लागतात. खेळणीवाल्या तरुणाला दोनशे. अर्ध्या तासात आमचं ठरलं: एकाच मापाचे पाचशे खोके, वर कुणाचंच नाव नाही, प्रत्येकाने आपापला कागद चिकटवायचा. जुलैपासून मी त्या खोक्यांतून माल पाठवतेय, आत पेंढा, आणि बाटल्यांच्या मधे पुठ्ठ्याची आडवी-उभी पट्टी. आजवर एकही बाटली फुटलेली नाही. ही गोष्ट मला कुठल्याही व्याख्यानात मिळाली नसती.

जूनच्या बैठकीचा विषय व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस होता. ते ॲप माझ्याकडे आधीपासून होतं आणि मला ते येतं असंही वाटत होतं. दरवर्षी मेअखेर नवं आगळ तयार झालं की मी ब्रॉडकास्टवरून, म्हणजे एकदम सगळ्यांना निरोप धाडायच्या यादीवरून, एकशे चाळीस जणांना निरोप धाडते. कोण कोण असतं त्यात? मे महिन्यात आलेले पर्यटक, गणपतीला येणारे चाकरमानी, पुण्या-मुंबईतल्या त्यांच्या ओळखीच्या. उत्तरं येतात दहा-बारा. गेली दोन वर्षं मी हेच समजत होते की लोकांना आता बाजारातलं तयार सरबत आवडतं, आपलं आगळ नको. जाऊ म्हणाली होती, या वर्षी बरण्या कमीच भरूया. आणि आम्ही खरोखर कमी भरल्या.

जेवणानंतर दोन तास तिथे 'फोन काढा' चालतं. चार-पाच जणांमागे एक शिकवणारा बसतो. आमच्याकडे कॉलेजातला एक मुलगा होता. त्याने माझा मे महिन्यातला निरोप उघडला, त्यावर बोट दाबून माहिती बघितली आणि यादी माझ्यासमोर धरली. एकशे चाळीसपैकी एकतीस जणांना पोचलेला.

"काकी, तुमचो मेसेज लोकांका पोचणाच नाय," तो म्हणाला.

ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलाय, त्यांनाच जातो. एका यादीत २५६ नावं बसतात हे मला ठाऊक होतं, हे मात्र नव्हतं. म्हणजे माझ्याकडे त्यांचे नंबर होते, त्यांच्याकडे माझा नव्हता. एकशे नऊ माणसांनी माझं आगळ नाकारलं नव्हतं. त्यांना कळलंच नव्हतं. मला तिथे बसल्या बसल्या रडू आलं, खरं सांगते. वाडीतल्या तिघींपैकी एकीला आम्ही या वर्षी मेमध्ये काम देऊ शकलो नव्हतो, तेही याच हिशोबाने. मालवणच्या वहिनींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ह्या माका पण आधी कोणी सांगूक नाय गो."

उपाय साधा निघाला. आता बाटलीच्या मागच्या कागदावर मोठ्या अक्षरांत आमचा नंबर आहे आणि खाली लिहिलंय, 'हा नंबर साठवा, पुढच्या मेमध्ये नव्या आगळाची खबर देऊ.' शेजारी क्यूआर, तो स्कॅन केला की थेट आमच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू होतं. त्या एकशे नऊ जणांना मी एकेक करून निरोप धाडला, एका दिवशी दहा, प्रत्येकाचं नाव घालून, काय नेलं होतं ते आठवून. आठवलं नाही तिथे सरळ विचारलं. साठाहून जास्त जणांनी उत्तर दिलं. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, आमच्या उरलेल्या सगळ्या बरण्या संपल्या.

यातून माझं एक मत पक्कं झालंय. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून माणसं येतायत. आपल्या दारात आलेला, आपलं आगळ चाखलेला, आपल्या पडवीत बसून घावणे खाल्लेला माणूस हाच आपला खरा ग्राहक आहे. तो परत गेला तरी त्याच्या जिभेवर ती चव असते. त्याला वर्षातून दोनदा आठवण करून देणं हे आपल्यासाठी पहिलं काम, अनोळखी हजारोंना रील दाखवणं त्यानंतरचं. एप्रिलच्या कार्यक्रमात सगळा भर दुसऱ्यावर होता. कुडाळला पहिल्यावर आहे. म्हणून मला कुडाळचं पटलं.

जुलैचा विषय गूगलवरची आपली नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल. मालवणच्या वहिनींच्या होमस्टेची खूण नकाशावर खाडीत पडली होती. पर्यटक रात्री फोन करायचे, "आम्ही पाण्यापाशी आलोय, पुढे रस्ताच नाही." ती खूण त्यांनी तिथेच सरकवून घराच्या अंगणात आणली. मग फोटो कुठले टाकायचे यावर बराच वेळ बोलणं झालं, आणि ते उपयोगाचं होतं. समुद्राचा फोटो सगळ्यांचाच असतो. मुख्य रस्त्यावरून आत वळताना दिसणारा पिंपळ, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, फाटक, गाडी लावायची जागा, न्हाणीघर, हे फोटो टाका म्हणाले. नोंदीची पडताळणी बहुतेक वेळा व्हिडिओने करावी लागते. रस्ता, पाटी, आत चाललेलं काम आणि कुलूप आपणच उघडतोय हे एका सलग चित्रणात दाखवायचं. माझी पडताळणी दोनदा नाकारली गेली होती. कारण आमच्या घरावर पाटीच नव्हती. आता जावेच्या मुलाने रंगवून लावलीय. अभिप्राय मागायला लाजू नका, पण त्या बदल्यात सूट किंवा वस्तू देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही, हेही नीट सांगितलं.

ऑगस्टला रील्स होत्या. त्याबद्दल माझं फार चांगलं मत नाही. शिकवणारी मुलगी हुशार होती, पण एका तासात चित्रण, काटछाट, गाणं, मथळा असं सगळं कोंबलं. व्यवसायाच्या खात्यावर सगळी लोकप्रिय गाणी वापरायला मिळत नाहीत, एवढं एक कामाचं कळलं. खेळणीवाल्या तरुणाने स्वतःचं सांगितलं ते जास्त शिकवून गेलं. भोवऱ्यावर रंगाची रेघ चढवतानाची त्याची एक रील चाळीस हजार लोकांनी पाहिली, आणि ऑर्डर आली नाही एकही, कारण खात्यावर ना फोन नंबर होता, ना किंमत, ना पाठवण्याचा खर्च.

त्याच दिवशी फसवणुकीवर अर्धा तास होता. तो तीन तासांचा असायला हवा. वहिनींना मे महिन्यात एक फोन आला होता. सैन्यातला अधिकारी बोलतोय, पाच खोल्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. त्यांच्या दोनच खोल्या असल्याने त्या थांबल्या आणि वाचल्या. त्यांच्या ओळखीतलं एक घर नाही वाचलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. हे वाक्य त्या दिवशी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. पैसे भरल्याचं चित्र कुणी पाठवलं तरी बँकेचा निरोप आल्याशिवाय माल हलवायचा नाही. आमच्या वयाच्या बायकांना हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. घाई केली की आपण गोंधळतो, आणि समोरच्याला नेमकं तेच हवं असतं.

जेवणाचं स्वतंत्र सांगते, कारण ते सुंदर असतं. दर महिन्याला सभासदांपैकी कुणा एकीला जेवण करायला देतात आणि त्याचे पैसे देतात. जुलैत काळ्या वाटाण्याची उसळ, वडे आणि सोलकढी. कढीला आगळ माझं होतं. जेवता जेवता तीन खानावळवाल्यांनी विचारलं आणि त्यातल्या एका खानावळीला आता महिन्याला दहा लिटर जातं. मी जाहिरातीवर एक रुपया घातला नव्हता.

आता उणिवा. बैठक साडेपाचपर्यंत लांबते आणि आतल्या गावांच्या बायकांना परतीची एसटी गाठताना जीव मेटाकुटीला येतो. ती चारला संपवायला हवी. मी दोनदा तसं लिहून दिलंय. नंतरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी सुप्रभात आणि रात्री देवांचे फोटो येतात, त्यात कामाचे निरोप बुडतात. आठवड्याला एकच निरोप असा नियम केलाय, तो पाळून घ्यायला कुणीतरी खमकं पाहिजे. लेबलावरच्या कायदेशीर गोष्टी, म्हणजे एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, तारीख, शाकाहाराची हिरवी खूण, यांवर अजून एकही पूर्ण बैठक झालेली नाही. घरगुती माल विकणाऱ्या आम्ही निम्म्याहून जास्त आहोत, तरीही.

आणि सगळ्यात मोठी उणीव अशी की मासळी विकणाऱ्या बायका तिथे नाहीत. तीनही वेळा एकसुद्धा दिसली नाही. सुके बांगडे, सोडे, गोलमो ही सुकी मासळी चाकरमानी पिशव्या भरभरून नेतात. त्या बायकांना फोनची आणि क्यूआरची गरज माझ्याइतकीच आहे. शनिवारी सकाळी त्यांचा बाजार असतो. त्यांना इथे बोलावून उपयोग नाही. एखादी बैठक त्यांच्या बाजाराजवळ, दुपारनंतर भरवायला हवी. आयोजकांना मी हे बोलून दाखवलं. ते ऐकून घेतात, एवढं मी म्हणेन.

पाचपैकी चार देईन. जाणार असाल तर दोन किंवा फार तर तीन माणसांनी एकत्र जा, एकाच घरातली असलीत तर वेगवेगळ्या टेबलांवर बसा. फोन पूर्ण चार्ज करून न्या, कारण दुपारी वीज गेली की तिथे जनरेटर नाही. जीमेलचा पासवर्ड कागदावर लिहून न्या, जूनमध्ये सात-आठ जणांचा दिवस केवळ तो आठवत नाही म्हणून गेला. विझिटिंग कार्ड नसलं तरी चालेल. माल न्या, चाखायला चमचे न्या.

सप्टेंबरच्या बैठकीला मी वाडीतल्या त्या तिसरीला घेऊन जातेय. पुढच्या मेमध्ये ती परत कामाला येणार आहे, आणि बाटल्यांवरचे नंबर सांभाळायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलंय.